चालू इमारतीत वेल्डिंग : स्टीम लाइन बदलाच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर

प्रक्रिया इमारतीतली जुनी स्टीम आणि कंडेन्सेट लाइन काढून नवी टाकायची, वरच्या मजल्यावरचा प्लॅटफॉर्म वाढवायचा आणि वापरलेल्या सॉल्व्हंटच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप बदलायचा, असं कामाचं स्वरूप आहे. अडचण एकच, पण मोठी. इमारतीचा निम्मा भाग या काळात चालू राहणार आहे. म्हणजे पडद्याच्या एका बाजूला आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) पेटलेला असेल आणि दुसऱ्या बाजूला माणसं रोजच्यासारखी आपल्या यंत्रांवर उभी असतील.

आज फोरमन, पाइपिंगचे इंजिनीअर आणि मी ड्रॉइंग घेऊन बसलो. प्रत्येक जोडापाशी थांबून एवढंच विचारलं, की हा जोड जागेवर वेल्ड केल्याशिवाय भागणारच नाही का? बऱ्याच ठिकाणी भागतं. लांब स्पूल, म्हणजे पाइपचे आधीच जोडलेले तुकडे, फॅब्रिकेशन यार्डात वेल्ड करून, तपासून आणता येतील. सपोर्टचे ब्रॅकेट बोल्टवर बसतील. जुनी लाइन गॅसने न कापता हाताने फिरवायच्या पाइप कटरने कापायची. त्याला वेळ जास्त लागेल, तो वेळापत्रकात धरला. इंजिनीअरांनी एक रास्त मुद्दा काढला: वेल्ड टाळायला फ्लँज (बोल्टने आवळायचे जोड) वाढवले तर गळतीच्या जागाही तेवढ्याच वाढतात. त्यामुळे स्टीमच्या मुख्य लाइनचे जोड वेल्डचेच राहतील. बाकी यादीतून सुमारे निम्मे जोड गळाले. पुढच्या सगळ्या दिवसांत जी काही सुरक्षा आम्ही उभी करू, त्यात आजच्या बैठकीचा वाटा सर्वांत मोठा असेल असं मला वाटतं. जी ठिणगी उडणारच नाही, तिच्यावर पाळत ठेवावी लागत नाही.

१२ नोव्हेंबर

जागेची पाहणी. वेल्डिंग आणि कटिंगच्या ठिकाणापासून ११ मीटरपर्यंतचं ज्वलनशील सामान हलवायचं किंवा झाकायचं, ही एनएफपीए ५१बी या अमेरिकी मानकातली त्रिज्या आम्ही धरली आहे. सपाट जमिनीवर ती पुरते. आमचं बरंचसं काम मात्र उंचावर आहे. गॅस कटिंगची वितळलेली गोळी वरून पडते, खालच्या पृष्ठभागावर आपटून फुटते आणि तिचे तुकडे पुन्हा चौफेर उडतात. म्हणून नकाशावर वर्तुळ काढून थांबलो नाही. प्रत्येक जागेखाली उभं राहून वर पाहिलं आणि वर उभं राहून खाली पाहिलं.

काय काय सापडलं: जुन्या पाइपसाठी पाडलेली आणि नंतर न बुजवलेली स्लॅबमधली भोकं, त्यांच्या बरोबर खाली केबल ट्रे, ट्रेमध्ये अनेक वर्षांची तेलकट धूळ. एक्झॉस्टचा एक डक्ट, ज्याचं तोंड नव्या जोडाच्या अगदी जवळ येतं. तो चालू राहिला तर ठिणग्या आत ओढून घेईल. सगळ्यांत काळजीची जागा म्हणजे चाचणी खोलीची भिंत. बाहेरून पत्रा दिसतो, आत पॉलियुरेथेन फोम भरलेला आहे. असल्या पॅनेलला बाहेरून झळ लागली तर दोन पत्र्यांच्या मधला फोम पेटू शकतो आणि आग पत्र्याआड पसरत जाते. बाहेरच्या माणसाला ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्या भिंतीतून जाणाऱ्या पाइपवर वेल्डिंग करायचं नाही, कारण उष्णता पाइपवाटे भिंतीत पोचेल. जोड भिंतीपासून लांब सरकवला, ड्रॉइंगमध्ये तसा बदल केला.

११ एप्रिल १९९६ रोजी ड्युसेलडॉर्फ विमानतळावर लागलेल्या आगीत १७ माणसं गेली. वेल्डिंग चाललं होतं ते टर्मिनलच्या वरून जाणाऱ्या रस्त्याच्या जोडावर, आणि पेटलं ते खालच्या छताच्या पोकळीतलं इन्सुलेशन. वेल्डर जिथे उभा होता तिथे पेटण्यासारखं काही नव्हतं. पाहणी करताना ही घटना मी सोबतच्या दोघांना मुद्दाम सांगितली. त्यानंतर तेच माझ्याआधी वाकून स्लॅबखाली बघू लागले.

१५ नोव्हेंबर

सिलिंडर आणि गॅस कटिंगच्या साहित्याची तपासणी. दिवस यातच गेला, आणि जायलाच हवा होता.

अॅसिटिलीनबद्दल नव्या मुलांना नीट समजावलं. हा गॅस दाबाखाली नुसता भरता येत नाही. सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ असतो, त्यात अॅसिटोन आणि त्या अॅसिटोनमध्ये हा गॅस विरघळवलेला असतो. सिलिंडर आडवा ठेवून वापरला तर अॅसिटोन बाहेर येतं, म्हणून तो उभाच हवा आणि साखळीने बांधलेला हवा. रेग्युलेटरच्या पुढे दाब १ बारच्या वर न्यायचा नाही, कारण त्यापलीकडे अॅसिटिलीन हवेशिवायही स्फोटक रीतीने विघटन पावू शकतं. तांब्याच्या नळीचा तुकडा जोड म्हणून वापरायला सक्त मनाई, कारण तांब्याशी त्याचं घातक संयुग बनतं. एका किटमध्ये दोन नळ्या जोडायला कोणीतरी तसाच तुकडा घातला होता. तो काढून सर्वांना हातात घेऊन बघायला दिला आणि मग भंगारात टाकला.

ऑक्सिजनला लोक घाबरत नाहीत. तो स्वतः जळत नाही ना! पण त्याच्या सहवासात बाकी सगळं भयंकर वेगाने जळतं. रेग्युलेटरच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावणं, तेलकट हातमोज्याने व्हॉल्व्ह उघडणं, आणि सर्वांत वाईट म्हणजे कपड्यांवरची धूळ ऑक्सिजनने झटकणं, या तिन्ही गोष्टी आजपासून काम थांबवण्याच्या कारणांत घातल्या. कापडात ऑक्सिजन मुरला की एका ठिणगीने अंगावरचे कपडे क्षणात पेटतात. उकाड्याने हैराण झालेला माणूस बंद जागेत गार हवा म्हणून ऑक्सिजनची नळी मोकळी सोडतो, असंही घडतं. त्याला रागावून उपयोग नाही, त्याच्यासाठी पंखा लावून द्यायला हवा. पंखे मागवले.

फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत नळीतून मागे सिलिंडरकडे जाऊ न देणारं उपकरण, दोन्ही लाइनवर, रेग्युलेटरपाशी. कटिंग टॉर्चपाशी उलटा प्रवाह रोखणारे व्हॉल्व्ह. दोन्हींचं काम वेगळं आहे, एक असला म्हणजे दुसरा नको असं होत नाही. साठ्यात ऑक्सिजन आणि अॅसिटिलीन ६ मीटर अंतरावर ठेवले. जिथे तेवढी जागा नव्हती तिथे दीड मीटर उंचीची, आगीला अर्धा तास दाद न देणारी भिंत मध्ये घेतली. नळ्यांना चिरा पडलेल्या होत्या त्या कापून टाकल्या. नुसत्या बाजूला ठेवलेल्या नळ्या उद्या कोणीतरी परत वापरतो.

१६ नोव्हेंबर

वेल्डिंग मशिन. फुटलेले होल्डर बदलले. रिटर्न केबल थेट कामाच्या तुकड्याला, जोडाच्या जवळात जवळ लावायची. इमारतीच्या खांबाला किंवा जवळच्या एखाद्या लाइनला क्लॅम्प लावला तर करंट परतताना बेअरिंग, दोरखंडाच्या तारा, सैल फ्लँज अशी भलतीच वाट धरतो आणि तिथे ठिणगी पडते. रॉड लावलेला नसताना होल्डरवर सुमारे ८० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. कोरड्या हातमोज्यात तो जाणवत नाही. घामाने भिजलेला माणूस लोखंडी पाइपवर बसून काम करत असेल तेव्हा तोच दाब जिवावर बेततो. सप्लायच्या बाजूचा गळती ब्रेकर या वेळी वाचवत नाही, कारण मशिनचं आउटपुट त्यापासून वेगळं केलेलं असतं. प्लॅटफॉर्मवरच्या कामाला व्होल्टेज कमी करणारं उपकरण बसवलेली मशिनच वापरायची.

१८ नोव्हेंबर

वेल्डिंग, कटिंगसारखं ठिणगीचं काम सुरू करण्याआधी घ्यायच्या लेखी परवानगीचा, म्हणजे परमिटचा, नमुना पक्का केला. जुना फॉर्म चार पानी होता आणि ऑफिसात टेबलावर भरला जायचा. त्यातले सगळे रकाने सकाळी एकाच पेनाने, एकाच ओळीत टिक केलेले मी पूर्वी पाहिले आहेत. नवा फॉर्म एका पानाचा. तो जागेवरच भरायचा, सही करणाऱ्याने तिथे उभं राहूनच सही करायची. एक परमिट एका जागेचं आणि एका शिफ्टचं. काम करून घेणारा आणि परमिट देणारा ही एकच व्यक्ती नको. फॉर्मवर दोन रकाने मी आग्रहाने वाढवले: ‘खालच्या मजल्यावर काय आहे’ आणि ‘भिंतीच्या पलीकडे काय आहे’. इथे टिक चालत नाही, जाऊन बघून शब्दांत लिहावं लागतं.

ग्राइंडिंगलाही परमिट लागेल, यावर थोडा वाद झाला. फिटर म्हणाला, “साहेब, दोन मिनिटांचं काम आहे, बर काढायची आहे फक्त.” बर म्हणजे कापलेल्या कडेवर उरलेली धार. पण तेलकट धुळीत गरम कण पडायला तेवढाच वेळ लागतो. परमिट लागेलच. पण मग ते मिळवायला त्याला तासभर ताटकळायला लावणंही चूक आहे. परमिट देणारा माणूस दिवसभर जागेवरच राहील, अशी सोय केली. उशीर झाला की लोक पळवाट शोधणारच.

२० नोव्हेंबर

काम सुरू. फायर ब्लँकेट जोडांवर शिवण सोडून न देता एकमेकांवर चढवून अंथरली. स्लॅबची भोकं बुजवली. डक्ट बंद करून त्याचं तोंड झाकलं.

स्प्रिंकलर बंद ठेवायचे का, अशी विचारणा आली. नाही. कामाच्या अगदी जवळच्या एखाद्या हेडवर ओलं कापड टाकायचं आणि काम संपताच काढायचं. लाइन चालूच. धूर ओळखणारे डिटेक्टर मात्र फक्त त्या विभागापुरते बंद करावे लागतील. त्यांची नोंद परमिटवरच, आणि ते परत चालू केल्याशिवाय परमिट बंद होणार नाही.

२१ नोव्हेंबर

आजची नोंद जरा सविस्तर.

फायर वॉचर, म्हणजे आगीवर पाळत ठेवणारा, म्हणून नेमलेल्या मुलाला सुरुवातीला दुसरी कामंही सांगितली जात होती: रॉड आणून दे, केबल सरकव. सकाळीच फोरमनला सांगितलं, की याच्या हातात अग्निशामक आणि शिट्टी सोडून काहीही द्यायचं नाही. वेल्डरच्या डोळ्यांसमोर काळी काच असते. त्याला आर्कशिवाय काहीच दिसत नाही, आपल्याच बाहीला आग लागली तरी कळायला वेळ लागतो. त्याच्या वाटचं बघायचं काम वॉचर करतो. शिवाय खालच्या मजल्यावर दुसरा वॉचर नेमला, कारण एकाच माणसाला स्लॅबच्या दोन्ही बाजू दिसत नाहीत.

दुपारी काम संपलं, सामान आवरलं गेलं. वॉचरने तिथेच १ तास थांबायचं असा आमचा नियम आहे. एनएफपीएच्या मानकातही पूर्वी अर्धा तास होता, २०१९ च्या आवृत्तीपासून तो १ तास झाला. अर्धा तास उलटून गेल्यावर खालच्या वॉचरला जुन्या लॅगिंगच्या (पाइपवरच्या उष्णतारोधक आवरणाच्या) टोकाशी जळका वास आला. धूर दिसत नव्हता. त्याने हाताची मागची बाजू जवळ नेली, ऊब लागली, शिट्टी मारली. लॅगिंग उघडल्यावर आत लाल ठिपका धुमसत होता. पाण्याने विझवला. अशा धुमसण्याला पावडर उपयोगाची नाही, वरची ज्योत दबते पण आतली उष्णता तशीच राहते, म्हणून प्रत्येक जागी पाण्याची सोय ठेवली होती.

जुन्या अर्ध्या तासाच्या हिशोबाने तो मुलगा तेव्हा घरी निघालेला असता. संध्याकाळी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन कौतुक केलं. वयाने मोठे असलेले वेल्डर, ज्यांना सगळे काका म्हणतात, उठून त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, “पोरा, उद्यापासून माझ्या जोडाखाली तूच थांब.” त्या मुलाला यापेक्षा मोठी पावती दुसरी कुठली मिळणार होती?

यापुढे १ तासाच्या पहाऱ्यानंतर शिफ्टचा सुपरवायझर आणखी काही तास अधूनमधून फेरी मारून बघेल, हे परमिटवर जोडलं. लॅगिंग दोन्ही बाजूंनी काढल्याशिवाय जोडाला हात लावायचा नाही, हेही.

२५ नोव्हेंबर

सॉल्व्हंटची टाकी.

उत्पादन विभागाचं म्हणणं असं, की टाकी आठवडाभर रिकामी आहे, झाकण उघडं आहे, बाहेरून पाइप वेल्ड करायला काय हरकत? रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असू शकते, हे पटवायला बराच वेळ द्यावा लागला. जळतं ते द्रव नाही, द्रवाची वाफ. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच थोडी असते. रिकाम्या टाकीत तळाला, शिवणींत, गंजाच्या खपल्यांखाली उरलेलं थोडं द्रव पूर्ण टाकी स्फोटक मिश्रणाने भरून टाकायला पुरतं. वेल्डिंगची उष्णता खपलीखालचं द्रव उडवते आणि पेटवायलाही तीच असते.

९ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत बफेलोजवळच्या ड्यूपाँटच्या कारखान्यात एका टाकीवर बाहेरून काम करताना स्फोट होऊन वेल्डर गेला. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात आढळलं, की टाकीच्या वरची हवा तपासली होती, आतली नव्हती. आत व्हिनिल फ्लुओराइड साचलं होतं. हा अहवाल मी बैठकीत वाचून दाखवला. त्यानंतर बाहेरून वेल्ड करण्याचा आग्रह कोणी धरला नाही.

आमचा क्रम असा ठरला. टाकीला जोडलेली प्रत्येक लाइन उघडून ब्लाइंड फ्लँज (तोंड बंद करणारी भरीव चकती) लावायचा, बंद व्हॉल्व्हवर भरवसा नाही, कारण व्हॉल्व्ह गळतात. मग धुणं, गाळ काढणं, सक्तीचं वायुवीजन. मग चाचणी: वर, मध्ये, तळाशी, कारण सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी बसते. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वाफ, मग विषारी वायू. हा क्रम मनाचा नाही. नेहमीच्या डिटेक्टरमधला ज्वलनशील वायूचा सेन्सर चालायलाच ऑक्सिजन लागतो. टाकीत नायट्रोजन भरलेला असेल तर तो शून्याजवळचा आकडा दाखवेल आणि माणूस निर्धास्त होईल. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये हवा. ज्वलनशील वाफेसाठी पुष्कळ ठिकाणी खालच्या स्फोटक मर्यादेच्या (हवेतल्या वाफेचं ज्या किमान प्रमाणाला ती पेटू शकते त्याच्या) १० टक्क्यांपर्यंत चालतं असं धरतात. आम्ही शून्य धरलं. टाकी खरोखर स्वच्छ असेल तर आकडा शून्यच यायला हवा. थोडा जरी आला तरी कुठेतरी काही उरलंय, ते शोधायचं.

पहिल्या चाचणीत वर शून्य, मध्ये शून्य, तळाशी आकडा. पुन्हा धुतली. तळाच्या पट्टीमागे चिकट थर सापडला.

२६ नोव्हेंबर

तिन्ही पातळ्यांवर शून्य. तरीही ओव्हरफ्लोचा जुना पाइप थंड पद्धतीनेच कापला, आणि नवा पाइप बाहेर तयार करून फ्लँजवर बसवला. टाकीवर एकच वेल्ड लागला. तो चालू असताना डिटेक्टर आत सतत सुरू होता आणि वायुवीजन थांबवलं नव्हतं. मधल्या सुट्टीनंतर चाचणी नव्याने केली, सकाळचा आकडा दुपारी ग्राह्य धरला नाही. काम नीट झालं.

२८ नोव्हेंबर

स्टेनलेसच्या लाइनचं काम. आगीपलीकडच्या धोक्यांकडे आज लक्ष दिलं.

वेल्डची आतली बाजू हवेपासून वाचवायला पाइपच्या आतून आर्गन वायू सोडावा लागतो, याला पर्ज म्हणतात. तो हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड, वास नाही, रंग नाही. खड्ड्यात किंवा पाइपमध्ये साचला तर माणूस गुदमरल्याची जाणीव न होता कोसळतो, आणि त्याला काढायला डोकं आत घालणारा दुसराही त्याच्यावर पडतो. पर्ज केलेल्या पाइपमध्ये डोकं घालून रूट, म्हणजे वेल्डचा आतला पहिला थर, बघण्याची सवय वेल्डरांना असते. आरसा आणि टॉर्च दिली. वॉचरकडे ऑक्सिजन मीटर.

धूर: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला. स्टेनलेसच्या धुरात सहा-संयुजी क्रोमियम असतं, ते वेगळंच. धूर ओढणाऱ्या नळीचं तोंड आर्कपासून एका व्यासाइतकं दूर गेलं की तिची ओढ दहाव्या हिश्श्यावर येते, म्हणून ती दर जोडाबरोबर सरकवायची. फार जवळ आणली तर आर्गनचं आवरणच ओढून घेते आणि वेल्ड बिघडतो. नळी कुठे धरायची हे वेल्डरनेच ठरवावं. मास्क त्याच्या जोडीला, नळीच्या ऐवजी नाही.

साफसफाईला आणलेला क्लोरीनयुक्त डीग्रीसर परत पाठवला. आर्कच्या अतिनील किरणांत त्याच्या वाफेपासून फॉस्जिन हा विषारी वायू बनतो.

३० नोव्हेंबर

गॅल्व्हनाइज्ड ब्रॅकेटवर वेल्ड करण्याआधी जस्ताचा थर घासून काढला. न काढता वेल्ड केलं की रात्री थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. जुने वेल्डर याला फ्लू समजून गप्प राहतात.

एका हेल्परने डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं म्हणून सांगितलं. काल संध्याकाळी पडद्याशिवाय चाललेल्या टॅक वेल्डजवळ (तुकडे जागेवर धरायला मारलेल्या छोट्या वेल्डजवळ) तो उभा होता. त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून त्याला कारण लक्षात आलं नाही. डॉक्टरकडे पाठवलं, डोळे बरे आहेत. टॅकलाही पडदा लागेल.

३ डिसेंबर

प्लॅटफॉर्मवर वेल्डिंग चालू असताना शेजारच्या भागात दुसऱ्या कंत्राटदाराने रंगकाम सुरू केलं. दोघांचेही परमिट आपापल्या जागी बरोबर होते. थिनरचा वास वॉचरला आला आणि त्याने स्वतःहून काम थांबवलं, कोणाला न विचारता. थांबवण्याचा अधिकार त्याला दिलेला होताच, तो वापरला गेला याचं समाधान वाटलं.

आजपासून सगळे परमिट एका मोठ्या नकाशावर टाचणीने लावायचे. नवा परमिट देण्याआधी नकाशा बघायचा.

९ डिसेंबर

शेवटचा जोड झाला, लाइनची चाचणी पास. डिटेक्टर सगळे चालू, ब्लाइंड काढल्याची नोंद लाइननिहाय तपासली.

हस्तांतराच्या बैठकीत एक पानी परमिट आणि नकाशा कायम ठेवायला मान्यता मिळाली. अडलं ते पहाऱ्याच्या वेळेवर. काम संपल्यानंतरचा १ तास कंत्राटदाराच्या बिलात धरलेला नसतो, त्यामुळे तो कुठेतरी गुपचूप कापला जातो, आणि त्यासाठी त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. पुढच्या निविदेत फायर वॉचरचे तास स्वतंत्र बाब म्हणून टाकावेत, दर वेगळा द्यावा, आणि परमिटवर त्याच्या सहीची वेळ बिलाशी ताडून पाहावी, असा प्रस्ताव लिहून दिला. खरेदी विभागाने निर्णयासाठी पुढच्या आठवड्यापर्यंत मुदत मागितली आहे.